तळ्यावरचा अनामिक डोंगर

पवित्र शास्त्रात ज्या डोंगरांची नावे आली आहेत, ती आमच्या मंडळ्यांतील लेकरांनाही तोंडपाठ असतात. सीनायवर नियमशास्त्र दिले गेले. नबोच्या माथ्यावरून मोशेने वचनदत्त देश दुरून पाहिला. कर्मेलवर एलीयाने मोडलेली वेदी पुन्हा उभारली. आणि तोच एलीया होरेबाच्या गुहेत खचून बसला असता देवाने त्याला कामावर परत पाठविले. परंतु शुभवर्तमानांत एक डोंगर असा आहे की, त्यावर प्रभू येशूने आपल्या आयुष्यातील एक फार जड रात्र काढली, आणि तरीही त्याचे नाव कोणीही लिहून ठेवले नाही. तो गालील समुद्राच्या काठचा डोंगर होय. मत्तय, मार्क व योहान हे तिघेही त्या रात्रीची हकीकत सांगतात, आणि तिघेही त्याला केवळ ‘डोंगर’ एवढेच म्हणतात.

असे का झाले असावे? आम्हांस वाटते की, दूरच्या लोकांना सांगण्याजोगे नाव त्याला नसावेच. किंवा असले तरी ते त्या काठच्या कोळ्यांना व मेंढपाळांनाच ठाऊक असावे. प्रभूला एकांत हवा होता, आणि जो डोंगर जवळ होता त्यावर तो चढला. त्यासाठी त्याने यरुशलेमेची वाट धरली नाही, किंवा सीनायचा लांब प्रवास केला नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनी या गोष्टीचे नीट मनन करावे अशी आमची इच्छा आहे. कारण आमचे कित्येक बंधू खिन्न होऊन म्हणतात, “आमच्या गावी मोठे मंदिर नाही, पाळकसाहेब कधी महिन्याने येतात तर कधी दोन महिन्यांनी, आम्ही चार-पाच घरांचे लोक एका पडवीत बसून उपासना करतो, आमची ती प्रार्थना काय, आणि ती पोहोचणार कोठे?” अशा बंधूंना आमचे उत्तर हे की, प्रभूने प्रार्थनेसाठी जो डोंगर घेतला तोही कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या वाचकांना असा डोंगर पाहण्यास दूर जावे लागत नाही. या जिल्ह्यातून बालाघाटाची रांग गेली आहे. तिच्या अंगावर वसलेले तुळजापूर महाराष्ट्रात व शेजारच्या प्रांतांतही सर्वांस ठाऊक आहे. धाराशिव नगरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर, त्याच डोंगरांत, खडकात कोरलेली सात लेणी आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या लेण्याचा सभामंडप सुमारे ८० फूट लांब व तितकाच रुंद असून त्याच्या भोवती साधूंना राहण्यासाठी लहान लहान खोल्या कोरलेल्या आहेत. ही लेणी मुळात बौद्धांची की जैनांची याविषयी विद्वानांत मतभेद झालेले आहेत. परंतु हजार वर्षांहून पुष्कळ आधी एकांत शोधणारी माणसे याच डोंगरांत येऊन राहिली, एवढे त्या खोल्या स्पष्ट सांगतात.

तथापि आज आम्ही ज्या डोंगराविषयी बोलणार, तो तुळजापुराइतका विख्यात नाही आणि लेण्यांइतका पुस्तकांतूनही आलेला नाही. तो धाराशिव नगराच्या जवळचा हातलाई देवीचा डोंगर होय. त्याच्या पायथ्याशी त्याच नावाचा तलाव आहे. जिल्ह्याबाहेर या डोंगराचे नाव फार थोड्यांच्या कानी गेले असेल. आमचे शेजारी बांधव तेथे देवीच्या दर्शनास जातात, आणि कोणी केवळ मोकळ्या हवेसाठी व तलावाची शोभा पाहण्यासाठी जातात. जेथे इतर लोक भक्तीने जातात तेथे आपणही आदराने पाऊल ठेवावे, मोठ्याने बोलू नये व घाण करू नये, हे आमच्या मंडळीस निराळे सांगावयास नको.

या डोंगरांचा दगड काळा व कठीण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या पोटातून तापलेला रस वारंवार बाहेर आला, पसरला आणि निवाला. थरावर थर चढत जाऊन सारे दख्खन त्याचे बनले. काही थर कठीण तर काही ठिसूळ असल्यामुळे पावसापाण्याने ठिसूळ थर झिजतात व कठीण थर कडा होऊन पुढे राहतात. म्हणून बालाघाटाचा डोंगर दुरून पाहिला असता पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो आणि त्याचा माथा बहुधा सपाट असतो. भूगर्भशास्त्री या दगडास ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द युरोपातील स्वीडन देशाच्या भाषेतील असून त्याचा अर्थच मुळी जिना असा आहे. मनुष्याने एक चिराही न बसविता देवाने आमच्या दारापुढे जिना बांधून ठेवला आहे.

परंतु हा जिना सोपा नव्हे. अशा डोंगरावर मुरमावरून पाय घसरतो, कुसळी गवत धोतरा-लुगड्याला चिकटते, तरवडाच्या व बोरीच्या झुडपांतून वाट काढावी लागते, आणि वर कड्याजवळ आल्यावर हातही टेकावे लागतात. चढणाऱ्यास पहिला अनुभव येतो तो हा की, बोलणे आपोआप बंद पडते. पायथ्याशी आपण भावकीचा तंटा, बाजारभाव, कोणी कोणास काय म्हटले, असे सारे बोलत असतो. अर्धी चढण झाली की श्वास बोलण्यास पुरत नाही. दुसरा अनुभव असा की, हातातील ओझे जड होऊ लागते, आणि खाली जे टाकवत नव्हते ते एखाद्या दगडाआड ठेवून मनुष्य पुढे जातो. प्रार्थनेचेही असेच आहे. देवासमोर गेल्याबरोबर मन शांत झाले नाही म्हणून कित्येक लोक निराश होऊन उठतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, चढणीचा पहिला भाग धापा टाकण्यातच जातो. जो तेथून परत फिरत नाही, त्याचे तोंड मिटते व कान उघडतात.

माथ्यावर पोहोचल्यावर मनुष्य सहज मागे वळून पाहतो, आणि आपले घर कोठे आहे ते शोधतो. ते सापडते, पण फार लहान दिसते. ज्या बांधासाठी दोन भावांनी वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी झिजविली, तो बांध वरून दिसतही नाही. ज्वारीचे, तुरीचे व सोयाबीनचे तुकडे एकाच गोधडीच्या ठिगळांसारखे शेजारी शेजारी पसरलेले दिसतात, आणि कोणते ठिगळ कोणाचे हे डोंगरास ठाऊक नसते. आपल्या कित्येक गावांत मंडळीची वस्ती एकीकडे व गाव दुसरीकडे अशी रचना पूर्वापार चालत आली आहे. त्या दोहोंमधील अंतर खाली राहणारास किती मोठे वाटते हे आम्ही जाणतो. परंतु वरून पाहणारास ते एकच गाव दिसते. देव आपल्या गावाकडे जसे पाहतो, त्याची थोडीशी कल्पना अशा वेळी येते.

त्यानंतर दृष्टी तलावाकडे जाते, आणि येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तलावाच्या काठी उभे असता वाटते की, पाणी हे तलावाचे आहे. वरून पाहिले म्हणजे समजते की, पाणी आधी डोंगराचे होते. आकाशातून पडलेला पाऊस उतार झेलतो, तो ओघळींतून ओढ्यात जातो आणि ओढा तलावात. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे तर दोन वाटे होतात: एका उताराचे पाणी तेरणा व मांजरा यांच्या वाटेने गोदावरीस मिळते, आणि दुसऱ्या उताराचे सीना व बोरी यांच्या वाटेने भीमेस व पुढे कृष्णेस जाते. ज्या नद्यांच्या काठी मोठमोठी नगरे वसली आहेत, त्यांचे कित्येक थेंब प्रथम अशाच नाव नसलेल्या खडकांवर पडलेले असतात.

आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ७०० ते ८०० मिलीमीटर पाऊस पडतो. हा पाऊस अगदीच थोडा नव्हे. परंतु तो मोजक्या दिवसांत पडून जातो, आणि काळा दगड कठीण असल्यामुळे त्याच्या पोटात पाणी फारसे मुरत नाही. जे मुरते ते भेगांत व वरच्या झिजलेल्या मुरमात राहते. उतार उघडा असला, गवत चरून संपले असले, झाडे तोडलेली असली, तर पाणी थांबत नाही. ते मातीस सोबत घेऊन धावते, आणि ती माती तलावात जाऊन बसते. मग पावसाळ्यात तलाव भरलेला दिसतो, पण खोली गेलेली असते, आणि चैत्र येतो न येतो तोच तळ उघडा पडतो. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस आठवतो. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर नगरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तर मुलांनीही पाहिले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यातील भूम-परांड्याकडे इतका पाऊस झाला की, सीनाकाठच्या शेतांतून पिकांबरोबर मातीही वाहून गेली. एकाच प्रांताने तहान व पूर हे दोन्ही भोगले.

जे लोक पाण्याचे काम जाणतात ते म्हणतात की, हे काम ‘माथा ते पायथा’ असे करावयाचे असते. प्रथम माथ्यावर व उतारावर समतल चर खणावे, गवत व झाडे राखावी, ओघळींत दगडांचे लहान बांध घालावे, आणि मग खाली येऊन तलावाकडे पाहावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० नंतरच्या वर्षांत असेच केले. तेथे आमच्यापेक्षा पाऊस कमी. परंतु लोकांनी डोंगरावर चर खणले, चराई व कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी विंधनविहिरी घेण्याचे सोडले, आणि ज्या गावातून लोक पोटासाठी बाहेर जात होते तेथे ते परत येऊ लागले. २०१७ पासून सरकारने धरणा-तलावांतील गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना चालविली, तीही उपयोगाचीच आहे. परंतु जो केवळ तळातील गाळ उपसतो आणि माथा उघडाच ठेवतो, त्याला पुढे पुन्हा तोच गाळ उपसावा लागतो.

आता आमच्या उपदेशक बंधूंनी व मंडळीच्या वडिलांनी हे वचन आपणांस लावून पाहावे. तुमचे जीवन हे गावच्या तलावासारखे आहे. दिवसभर लोक तुमच्याकडे घागरी घेऊन येतात. कोणाचे मूल आजारी, कोणाच्या घरी मृत्यू, कोणास अर्ज लिहून हवा, कोणाचा नवरा दारू पिऊन मारतो, कोणास सहकारी सोसायटीत सोबत हवी. तुम्ही कोणासही नाही म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु तुमच्या माथ्याची काय स्थिती आहे? पहाटेचा जो घटकाभर वेळ देवाकरिता होता तो मोबाईल फोनने खाल्ला, उपासनेची तयारी शनिवारी रात्री घाईने होऊ लागली, वाचन हे दुसऱ्यांस सांगण्यापुरतेच उरले, तर समजावे की उताराचे गवत गेले. मग कृपेचा पाऊस पडतो, परंतु थांबत नाही; आणि त्याबरोबर वाहून येणारा राग, कंटाळा व मत्सर तळाशी साचू लागतो. बाहेरून पाहणारास तलाव भरलेला दिसतो. मंडळीस अजून कळलेले नसते. परंतु तुम्हांस कळलेले असते की, घागर पूर्वीसारखी बुडत नाही. अशा वेळी केवळ गाळ उपसून, म्हणजे चार दिवस विश्रांती घेऊन किंवा चिडचिड आवरून, फार काळ भागत नाही. माथ्यावर जावे लागते.

आता आपण त्या गालिलातील रात्रीकडे वळू. मार्काच्या सहाव्या व मत्तयाच्या चौदाव्या अध्यायांत ती हकीकत आहे. त्या दिवसाची सुरुवात दुःखाने झाली होती. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाल्याची बातमी प्रभूस समजली. तो नात्याचा होता, आणि प्रभूच्या पुढे चालून वाट तयार करणारा होता. दुःखी मनुष्यास एकांत हवासा वाटतो. म्हणून प्रभू तारवात बसून निर्जन स्थळी गेला. परंतु लोक काठाने धावत आधीच तेथे पोहोचले होते. त्याने त्यांस हाकलले नाही. दिवसभर त्याने त्यांस शिकविले, त्यांचे आजारी बरे केले, आणि संध्याकाळी पाच भाकरी व दोन मासे घेऊन पाच हजार पुरुषांस, शिवाय स्त्रिया व मुले यांस, जेवू घातले. एवढे झाल्यावर त्याने शिष्यांस तारवाने पुढे पाठविले, लोकांस निरोप दिला, आणि तो एकटाच डोंगरावर चढला. जो शोक करण्यास त्याला सकाळी वेळ मिळाला नव्हता, तो त्याने रात्री आपल्या बापापाशी नेला. ज्यांस वाटते की, प्रार्थनेस बसण्याआधी मन हलके व दिवस मोकळा असावा लागतो, त्यांनी हे पाहावे. त्या रात्री प्रभूपाशी यांपैकी काहीच नव्हते.

इकडे शिष्य पाण्यावर होते. गालील समुद्र म्हणतात तो खरे पाहता गोड्या पाण्याचा मोठा तलावच आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर व रुंदी सुमारे १२ किलोमीटर. तो समुद्रसपाटीच्याही सुमारे २१० मीटर खाली, डोंगरांच्या कोंडाळ्यात आहे, म्हणून डोंगरावरचा वारा त्यावर एकाएकी कोसळतो. १९८६ साली त्या देशात अवर्षणाने या तलावाचे पाणी फार खाली गेले असता, दोन कोळी भावांना चिखलात एक जुने तारू सापडले. ते प्रभूच्या काळाच्या आसपासचे असून सुमारे २७ फूट लांब व साडेसात फूट रुंद आहे. यावरून आपणांस कल्पना करता येते की, ते शिष्य वादळात किती लहानशा आधारावर होते. योहान सांगतो की, ते सुमारे पाच-सहा किलोमीटर वल्हवीत गेले होते. म्हणजे मागचा काठ दूर राहिला होता आणि पुढचा हाती आला नव्हता. वारा समोरून होता. त्यांच्यापैकी कित्येक जन्माचे कोळी होते, आणि तरीही वल्ही चालविताना ते थकून गेले.

येथे मार्क जे सांगतो त्यात या साऱ्या गोष्टीचा जीव आहे. तो सांगतो की, प्रभूने डोंगराकडील जमिनीवरून त्यांचे कष्ट पाहिले. तेव्हा वल्हांडण सण जवळ आला होता असे योहान लिहितो. तो सण पौर्णिमेचा, यास्तव त्या रात्री चांदणे असणे संभवते. प्रभू प्रार्थनेत होता, परंतु त्याची दृष्टी तलावावरून हटली नव्हती. बापाकडे पाहणे व त्या तारवाकडे पाहणे या त्याच्यापाशी दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हत्या. आणि तारवात असलेल्यांस याची काहीच खबर नव्हती. ते समजत होते की, गुरू मागे राहिला, अंधार पडला, आणि आता आपले आपणच. रात्रीचा चवथा प्रहर, म्हणजे पहाटेचे तीन वाजून गेल्यावर, तो त्यांच्याकडे आला. परंतु त्यांच्यावरची त्याची दृष्टी तोपर्यंत थांबून राहिली नव्हती.

आमच्या मंडळ्यांतही आज अशी तारवे पुष्कळ आहेत. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कोठल्याशा कारखान्याच्या फडाजवळ पालात राहतात, मध्यरात्री गाड्या भरतात, आणि त्यांची लेकरे शाळेला अंतरतात. म्हातारी आई गावी एकटी नातवंडे सांभाळते. कोणाचे सोयाबीन पाण्यात गेले आणि बँकेची व सावकाराची अशी दोन्ही कर्जे डोक्यावर आहेत. कोणी तरुण शिकून घरी बसला आहे व बापाच्या नजरेस नजर देत नाही. या सर्वांस आम्ही सांगतो की, तुम्ही दिसत आहा. मदत तुमच्या मनाजोग्या वेळी आली नाही, हे खरे. शिष्यांसही ती पहाटे आली. परंतु तुमचे वल्हे मारणे कोणी पाहत नाही, असे समजू नका.

आणि मंडळीस आमचे सांगणे असे की, प्रभू डोंगरावर राहिला नाही. तारवातील लोकांचे कष्ट पाहून तो खाली आला, पाण्यापर्यंत आला, व पाण्यावरही गेला. दुसऱ्या एका डोंगरावर, प्रभूचे रूप पालटले तेव्हा, पेत्रास वाटले की तेथेच तीन मंडप घालून राहावे. त्याच्या बोलण्यात प्रीती होती, परंतु त्याच वेळी पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलास घेऊन उभा होता आणि उरलेल्या शिष्यांच्याने काही होत नव्हते. डोंगरावर मंडप घातले असते तर त्या बापाचे काय झाले असते? आमच्यात जी प्रार्थना चालते, जी भजने गाइली जातात, जी उपासपर्वे होतात, त्यांची परीक्षा याच प्रश्नाने करावी. वर जाऊन आलेल्या मनुष्यास खालचे कोणी दिसले की नाही? दिसले असेल तर तो त्याच्याकडे गेला की नाही?

हे आम्ही उगाच म्हणत नाही. आमच्या या भागात कर्जाने व नापिकीने गांजलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव दिला आहे, हे सर्वांस विदित आहे. त्यांपैकी बहुतेक जण आधी काही दिवस गप्प झालेले असतात. ते बाजारास जात नाहीत, जेवणावरून उठतात, एकटेच शेतावर बसतात. जो डोंगरावरून पाहावयास शिकला आहे त्याला हे दिसले पाहिजे. असा कोणी तुमच्या गावी असेल, तो मंडळीचा असो किंवा नसो, त्याच्याकडे आजच जा. उपदेश करू नका, त्याच्या चुका मोजू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका, आणि त्याला रात्री एकटा सोडू नका. सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांकडे त्याला सोबत घेऊन जा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, हेही त्याला व त्याच्या घरच्यांना सांगा. पहाटेच्या चवथ्या प्रहरी त्याच्या ओसरीवर तुमचे पाऊल वाजले, तर ते कोणाचे पाऊल आहे हे तो ओळखील.

शेवटी काही साध्या सूचना. ज्यांस शक्य आहे त्यांनी महिन्यातून एकदा तरी आपल्या गावच्या जवळच्या टेकडीवर, माळावर किंवा तलावाच्या बांधावर पहाटे जावे. मोठा संघ नको. दोघे-तिघे पुरेत, आणि वर गेल्यावर घटकाभर एकमेकांपासून दूर बसावे. कड्याच्या काठावर किंवा पावसाळ्यात निसरड्या खडकावर जाण्याचे धाडस करू नये. तो विश्वास नव्हे. माथ्यावरून गावातील प्रत्येक घराकडे क्रमाने पाहावे, आणि त्या त्या घराचे नाव देवापुढे घ्यावे. ज्या घराशी तुमचे बोलणे बंद आहे ते घर वगळू नये. उतरताना एकाच घराचा निश्चय करावा की, आज तेथे जाईन, आणि जावे.

ज्या वृद्ध माता-पित्यांचे गुडघे चालत नाहीत त्यांनी खंत करू नये. चुलीत पहिला जाळ घालताना जी आजी ऊसतोडीला गेलेल्या मुलाचे, सुनेचे व नातवंडांचे नाव देवापुढे घेते, तिची चूल हाच तिचा डोंगर. त्यावरून तिला जे तारू दिसते, ते आम्हां लिहिणाऱ्यांसही दिसत नाही.

आणि ज्यांच्या अंगात बळ आहे त्या तरुणांनी, गावात पाण्याचे श्रमदान निघाले म्हणजे कुदळ-फावडे घेऊन सर्वांच्या पुढे असावे. चर खणताना शेजारी कोण कोणत्या वस्तीचा आहे हे विचारू नये. उतारावर थांबलेले पाणी खाली कोणाच्या विहिरीत उतरेल हे खणणारास ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसताना खणणे हीच त्यातील प्रीती आहे. जो देव आपला पाऊस चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच पाडतो, त्याच्या लेकरांस हे काम शोभते.

ज्या प्रभूने अनामिक डोंगरावर रात्र काढली आणि पहाटे वादळातल्या माणसांकडे चालत आला, तो आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक वस्तीवर, प्रत्येक पालावर व प्रत्येक एकट्या दिव्यावर आपली दृष्टी ठेवो. आणि त्याच्याबरोबर वर चढण्याचे व त्याच्याबरोबर खाली उतरण्याचे बळ आम्हां सर्वांस देवो. आमेन.